पेव, ससा आणि रिकामी बरणी

हरिपूरचे पेव ज्यांनी पाहिलेले नाही, त्यांना ते समजावून सांगताना मी नेहमी रांजणाचा आधार घेते. तोंड अरुंद आणि पोट मोठे असलेला एक रांजण जमिनीत गळ्यापर्यंत पुरला आहे, अशी कल्पना करावी. फरक इतकाच, की इथे रांजण वेगळा नसतो, जमिनीची मातीच रांजणाच्या आकारात आतून कोरलेली असते. सांगलीला लागून असलेल्या या गावची माती अशी चिवट, की तीन-चार माणसांच्या उंचीइतके खोल कोरले तरी ती ढासळत नसे. आत हळद भरायची, तोंड बंद करून वरून माती लिंपायची आणि बाजारात भाव येईपर्यंत निश्चिंत राहायचे. माझे आजोबा हळदीच्या पेठेत तोलाईदार होते, आणि कुठल्या पेवात कुणाचा माल आहे हे त्यांना तोंडपाठ असे.

आम्हा मुलांना मात्र पेवाच्या जवळपास फिरकण्याची सक्त मनाई होती. पेव उघडले की लगेच आत उतरत नाहीत, कोंडलेली वाईट हवा निघून जाण्यासाठी बराच वेळ तोंड मोकळे ठेवतात, मग आधी पेटता कंदील सोडून पाहतात आणि तो विझला नाही तरच माणूस खाली जातो, हे सगळे आजी इतक्या बारकाव्याने सांगत असे, की भीतीपेक्षा उत्सुकताच वाढे. कंदील विझला तर पुढे काय, हा प्रश्न मी तिला कधीच विचारला नाही. उत्तर ठाऊक असलेले प्रश्न मुले विचारत नाहीत.

त्यामुळे 1990 नंतरच्या कुठल्याशा वर्षी, दूरदर्शनवर एक फ्रॉकमधली मुलगी सशाच्या मागे पळता पळता बिळात पडली, तेव्हा ती कुठे पडली याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. ती पेवात पडली होती. आमच्याकडचा दूरचित्रवाणी संच कृष्णधवल होता, त्यामुळे फ्रॉकचा रंग मला बऱ्याच वर्षांनी कळला. ‘ॲलिस इन वंडरलँड’ ही ती मालिका मूळची जपानी होती, 1983 मध्ये निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेने सव्वीस भागांत केलेली. आमच्यापर्यंत ती हिंदी आवाजांत आणि गुलजारांनी लिहिलेल्या टोपीवरच्या शीर्षकगीतासह आली. इंग्लंडमधल्या एका गणिताच्या अध्यापकाची गोष्ट, जपानी चित्रकारांच्या हातची, हिंदी बोलणारी, सांगलीतल्या एका माडीवर पोचली, यात तेव्हा मला काहीच विशेष वाटले नव्हते. अँटेना नीट फिरवला की चित्र येते, इतकेच मला माहीत होते.

आजीला हिंदी फारसे समजत नसे. ती वाती वळत बसलेली असे आणि मी तिला पडद्यावरचे सगळे मराठीत सांगत असे. अर्थात मी भाषांतर करत नव्हते, निम्मे तर मलाच कळत नव्हते. पण आजीचा प्रश्न आला की काहीतरी उत्तर देणे भाग होते. ‘ही पोरगी घरात सांगून आली आहे का?’ ‘हो, मावशीला सांगितलंय.’ ‘आणि उतरण्याआधी कंदील सोडला होता का कुणी?’ यावर मी म्हणाले होते, की सशाने सोडला होता, म्हणूनच तो पुढे पळत गेला. हे उत्तर आजीला पटले. मालिकेतील ॲलिसला बेनी बनी नावाचा एक छोटा ससा सोबतीला दिलेला होता. मूळ पुस्तकात असा सोबती नाही, तिथे ती अगदी एकटी आहे. लहान मुलीला एकटे सोडणे जपानी मंडळींनाही जड गेले असावे आणि आजीलाही जड जात होते. पडद्यावर येताना गोष्टीत कुठे काय मिसळले जाते, याचा पहिला धडा मला तिथे मिळाला, आणि तो मिसळणाऱ्यांत मी स्वतःही होते.

पुस्तक हाती आले ते कॉलेजात. चार्ल्स लुटविज डॉजसन हे ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजात गणित शिकवत. 4 जुलै 1862 रोजी ते आणि त्यांचे मित्र रॉबिन्सन डकवर्थ हे लिडेल कुटुंबातल्या लोरिना, ॲलिस आणि ईडिथ या तीन बहिणींना घेऊन नावेतून गॉडस्टो गावाकडे निघाले, आणि वल्ही मारता मारता डॉजसन यांनी मुलींना एक गोष्ट रचून सांगितली. मधल्या बहिणीने ती लिहून मागितली. 1864 च्या अखेरीस त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून, चित्रे काढून ती वही तिला भेट दिली, आणि 1865 मध्ये जॉन टेनिएल यांच्या बेचाळीस चित्रांसह, लुईस कॅरल या टोपणनावाने, ती छापून आली. आरशापलीकडच्या जगाचा दुसरा भाग 1871 च्या अखेरीस आला. या सगळ्या तपशिलात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो नावेचा. ही गोष्ट आधी बोलली गेली, मग लिहिली गेली. आणि ती अशा मुलींसमोर बोलली गेली, ज्या मध्येच तोंड घालत होत्या. पुस्तकातील प्रत्येक प्राणी ॲलिसचे वाक्य मध्येच तोडतो, तिच्या शब्दावर बोट ठेवतो, तिला दुसरेच काही विचारतो. नदीवर गोष्ट सांगणाऱ्या माणसाला त्या दुपारी जे सोसावे लागले असेल, त्याची सव्याज परतफेड त्याने केली आहे, असे मला नेहमी वाटते.

गेल्या मे महिन्यात माझी नऊ वर्षांची भाची पुण्याहून आली होती. भाची म्हणजे भावाची मुलगी. मी तिची आत्या. तिने टिम बर्टन यांचा 2010 चा चित्रपट पाहिलेला होता, आणि माझ्याकडचे पुस्तक मी तिला वाचून दाखवत होते. चौथ्या प्रकरणापर्यंत तिने सहन केले. मग म्हणाली, ‘आत्या, पण हिला हवं काय असतं?’

प्रश्न चोख होता. तिने पाहिलेल्या चित्रपटात ॲलिसला काय करायचे आहे, हे पहिल्या अर्ध्या तासातच ठरते. ती एकोणीस वर्षांची आहे, तिच्यासमोर नको असलेले लग्न आहे, आणि खाली गेल्यावर एक चित्रमय भाकितपट तिला सांगतो, की अमुक दिवशी तुला चिलखत घालून, तलवार घेऊन जॅबरवॉकीला मारायचे आहे. आता, मूळ कवितेत त्या प्राण्याचे नाव जॅबरवॉक असे आहे, जॅबरवॉकी हे कवितेचे शीर्षक. पण हा माझ्यातल्या शिक्षिकेचा खोडसाळपणा झाला. मुद्दा असा, की दुसऱ्या भागात एका पानावर येणारी, अर्धे शब्द कवीनेच बनवलेली एक विनोदी कविता या चित्रपटाने गंभीरपणे घेतली आणि तिचे युद्ध केले. चित्रपट देखणा आहे, त्याला कलादिग्दर्शनाचे आणि वेशभूषेचे ऑस्करही मिळाले आणि जगभरात त्याने एक अब्ज डॉलरहून अधिक कमाई केली. परंतु ज्या मुलीला पुस्तकात कुणीही, कधीही, कशासाठीही निवडलेले नाही, तिला त्याने ‘निवडलेली’ ठरवले. शेवटी ती शत्रूला मारून वर येते, लग्न नाकारते, आणि वडिलांच्या ओळखीच्या कंपनीमार्फत चीनशी व्यापार करायला जहाजातून निघते. दिग्दर्शकाला यात एका मुलीचे स्वातंत्र्य दिसत असेल. मला मात्र त्या काळातली इंग्रजांची कंपनी, चीन आणि जहाज हे तीन शब्द एकत्र ऐकले की अफूच आठवते. हे आपल्या इतिहासाच्या पुस्तकाचे संस्कार आहेत, त्याला माझा इलाज नाही.

मी भाचीला सांगितले, की हिला एका बागेत जायचे असते. एका दारातून तिला एक सुंदर बाग दिसते, पण दार इतके लहान असते की डोकेही आत जात नाही. हे उत्तर खरे होते आणि अपुरेही होते. बारा प्रकरणांपैकी सातव्याच्या शेवटी ॲलिस त्या बागेत पोचते. आठव्यात कळते, की तिथले माळी पांढऱ्या गुलाबांना घाईघाईने लाल रंग फासत आहेत, कारण चुकीचे झाड लावल्याबद्दल त्यांची मुंडकी उडणार आहेत. ज्यासाठी एवढा आटापिटा केला ते ठिकाण असे निघाल्यावर दुसरी एखादी नायिका हताश झाली असती. ॲलिस हताश होत नाही. ती फ्लेमिंगो पक्षी काखेत धरून त्याच्या डोक्याने क्रोके हा चेंडूचा खेळ खेळू लागते. बाग हवी होती, ही गोष्ट ती विसरून जाते. लेखकही विसरतो आणि वाचकही. मला वाटते, या पुस्तकाचा प्राण या विसरण्यात आहे, आणि चित्रपटाला नेमके हेच परवडत नाही. दीड तास माणसांना अंधारात बसवायचे, तर पडद्यावरच्या माणसाला काहीतरी हवे असावे लागते, ते अडावे लागते आणि शेवटी मिळावे लागते. ॲलिसला जे हवे असते ते दर दोन पानांनी बदलते, आणि मिळाले की तिला त्याचे काही वाटत नाही. मुले अशीच असतात. मुलांविषयीच्या चित्रपटांतली मुले क्वचितच अशी असतात.

वॉल्ट डिस्ने यांच्या 1951 च्या व्यंगपटालाही हाच घोर लागला होता. त्यांचा या गोष्टीवर जुना जीव. 1923 पासून त्यांनी ॲलिस नावाच्या एका खऱ्या मुलीला चित्रांच्या जगात सोडून मूकपटांची एक मालिकाच केली होती. पण प्रत्यक्ष पुस्तक हाती घेतल्यावर त्यांनी दोन्ही भाग एकत्र मिसळले. बोलणारी फुले, ट्वीडल-डी आणि ट्वीडल-डम, वॉलरस आणि सुतार ही सगळी दुसऱ्या भागातली मंडळी पहिल्यात आली. ‘न-वाढदिवस’ ही हम्प्टी डम्प्टीची कल्पना टोपीवाल्याच्या चहाच्या टेबलावर गेली. पहिल्या भागातले खोटे कासव हे पात्र मात्र पूर्ण गळाले. एक बोलकी दारमूठ तेवढी डिस्नेंची स्वतःची. आणि या सगळ्याला पोटात काहीतरी हवे म्हणून त्यांनी ॲलिसला जंगलात एकटी बसवून रडवले, तिच्या तोंडी पश्चात्तापाचे गाणे घातले आणि तिला घरची ओढ लावली. पुस्तकातील ॲलिसही रडते, पण ती नऊ फूट वाढल्यामुळे रडते. त्या आसवांचे तळे होते, आणि पुढे स्वतःच लहान होऊन ती त्या तळ्यात पोहते. रडण्याचे पाणी होणे आणि रडण्याचे गाणे होणे यांत बराच फरक आहे. चित्रपट तेव्हा पडला, डिस्ने यांनाही तो कधी मनापासून आवडला नाही, आणि पुढे तोच जगभर ॲलिसचा अधिकृत चेहरा होऊन बसला. आज दप्तरावर, वाढदिवसाच्या केकवर, फुग्यांवर जी ॲलिस दिसते ती याच चित्रपटातली. तो मला आवडतो, हे कबूल करायला हवे. चित्रकार मेरी ब्लेअर यांच्या कल्पनाचित्रांतून आलेला तो काळोखावर उमटणारा रंग विसरता येत नाही. फक्त रडण्याच्या गाण्याच्या वेळी मी चहा टाकायला उठते.

त्या आधी 1933 मध्ये पॅरामाउंटने गॅरी कूपर, केरी ग्रँट आणि डब्ल्यू. सी. फील्ड्स अशा बड्या नटांना घेऊन एक बोलपट केला आणि त्यांतल्या अनेकांना मुखवट्यांत असे कोंबले, की प्रेक्षकांना नट दिसेनात आणि प्राणीही दिसेनात. त्याविषयी एवढे पुरे.

मला खरा जिव्हाळा आहे तो सर्वांत पहिल्या प्रयत्नाचा. सेसिल हेपवर्थ आणि पर्सी स्टो यांनी 1903 मध्ये, म्हणजे आपल्याकडे फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर येण्याच्या दहा वर्षे आधी, ही गोष्ट चित्रित केली. लांबी सुमारे बारा मिनिटे. तेव्हा तो इंग्लंडमधला सर्वांत लांब चित्रपट मानला गेला. आज त्याची बरीच फाटकी, डागाळलेली प्रत उरली आहे आणि ती जपून दुरुस्त केलेली कुणालाही पाहता येते. मे क्लार्क नावाची मुलगी ॲलिस झाली आहे. हेपवर्थबाई कधी ससा आहेत, कधी राणी. पुस्तकातील सदा हसणारी चेशर मांजर म्हणून घरचीच मांजर झुडपात दाखवली आहे, आणि ती, मांजरच असल्यामुळे, हसायला साफ नकार देते. ॲलिस लहान-मोठी होते ती कॅमेऱ्याच्या साध्या हातचलाखीने, आणि ती हातचलाखी दिसते. पण मला त्यात कसलीही उणीव भासत नाही. बारा मिनिटांत कुणाला काही हवे असण्याइतका वेळच नाही. मुलगी येते, वाढते, आक्रसते, पुढे जाते. चित्रपट तेव्हा स्वतःच नऊ-दहा वर्षांचा होता. त्याला अजून गोष्टीला हेतू लागतो हे शिकवलेले नव्हते.

आणखी एक अडचण आहे आणि ती पडद्याची नव्हे, भाषेची आहे. तरी पडद्यावरच ती उघडी पडते. पुस्तकाच्या पहिल्याच परिच्छेदात ॲलिसला प्रश्न पडतो, की चित्रे आणि संवाद नसलेल्या पुस्तकाचा उपयोग काय. चित्रपटाजवळ चित्रे आहेत आणि संवादही आहेत, मग अडते कुठे? अडते ते असे, की या पुस्तकातील बहुतेक घटना शब्दांना घडतात, माणसांना नव्हे. उंदीर आपली कहाणी सांगतो, ॲलिसला ते ‘शेपूट’ ऐकू येते, कारण इंग्रजीत दोन्ही शब्दांचा उच्चार एकच. आणि पानावर ती कहाणी खरोखरच शेपटासारखी नागमोडी छापलेली आहे. भाचीला हे सांगताना मला क्षणभर अडखळायला झाले आणि मग लक्षात आले, की मराठीने ही सोय आधीच करून ठेवली आहे. लांबत जाणाऱ्या गोष्टीला आपण मारुतीचे शेपूटच म्हणतो. खोटे कासव आपल्या समुद्रातल्या शाळेविषयी सांगते, की पहिल्या दिवशी दहा तास, दुसऱ्या दिवशी नऊ, असे रोज कमी होत जात. इंग्रजी कोटी बाजूला ठेवून मी म्हणाले, ‘म्हणून तर त्यांना तास म्हणतात, रोज थोडे थोडे तासले जातात ना.’ भाची इतकी हसली, की मला कॅरलसाहेबांना पत्र लिहावेसे वाटले.

खोटे कासव म्हणजे काय, हे सांगणे त्याहून अवघड होते. त्या काळी इंग्लंडात कासवाचे महाग सूप न परवडणारे लोक वासराच्या डोक्याचे सूप करीत आणि त्याला नकली कासवाचे सूप म्हणत. कॅरल यांनी विचार केला, की असे सूप आहे तर ते ज्याचे करतात तो प्राणीही असला पाहिजे. आणि टेनिएल यांनी कासवाच्या पाठीला वासराचे डोके आणि खूर लावून त्याचे चित्र काढले. आमच्या घरी श्रावणात कच्च्या फणसाची भाजी मटणाच्या मसाल्यात होई आणि तिला ‘खोटं मटण’ म्हणत. मी भाचीला म्हणाले, की खोटे मटण आहे, तर कुठेतरी खोटा बोकडही असेलच, अंगावर फणसाचे काटे असलेला, आणि तो दुःखी असेल. तिने त्याचे चित्र काढले. ते अजून फ्रिजवर आहे. एवढे सगळे पडद्यावर कुठून आणणार? पडद्यावर एक कासव दिसते. ते कशामुळे खोटे आहे, हे दिसत नाही.

ही अडचण ओळखून वेगळी वाट धरणारे मला दोघेच ठाऊक आहेत. एक जोनाथन मिलर, ज्यांनी 1966 मध्ये बीबीसीसाठी कृष्णधवल चित्रपट केला आणि मुखवटे, कान, शेपट्या हे सगळे काढूनच टाकले. त्यांचा ससा हा घाईत असलेला गृहस्थ आहे, सुरवंट हा वृद्ध पंडित आहे, आणि जॉन गिलगुड यांचे खोटे कासव समुद्रकिनाऱ्यावर हिंडणारा एक हळवा म्हातारा आहे. मोठ्या माणसांचे जग मुलीला जसे दिसते तसे: सगळे बोलतात, कुणी काही सांगत नाही. त्यांची ॲलिस एकदाही गोड हसत नाही. आणि या सबंध व्हिक्टोरियन स्वप्नाला संगीत आहे पंडित रविशंकर यांचे. गवताळ उतारावर सतार वाजू लागते तेव्हा प्रथम दचकायला होते. मग वाटते, की उन्हाळ्याच्या दुपारी पेंगताना ऐकू येणारी गुणगुण याहून वेगळी कशी असणार? या चित्रपटातील मुलीला काहीही नको आहे. तिचे फक्त पाहणे चालू आहे.

दुसरे म्हणजे चेक दिग्दर्शक यान श्वांकमायर. त्यांच्याविषयी लिहिण्याआधी मला सांगलीला परत यावे लागेल.

विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये सांगलीच्या राजवाड्यात ‘सीतास्वयंवर’ केले, हे इथल्या शाळेत मुळाक्षरांबरोबर शिकवले जाते. त्या नाटकांत सूत्रधार आपल्या साथीदारांसह अखेरपर्यंत रंगमंचावरच उभा असे. गोष्ट तो पद्यांतून गाऊन सांगे, आणि पात्रे पुढे येऊन हावभाव करीत, ऐन वेळी सुचेल ते बोलत. राक्षस ‘अललल डुर्र’ अशी आरोळी ठोकून येत, आणि तो राक्षस म्हणजे आपल्याच गावचा अमुक आहे, हे ठाऊक असूनही लोक घाबरत. याच भाव्यांनी लाकडी बाहुल्याही केल्या होत्या, सांधे हलणाऱ्या. पुढे रामदास पाध्ये यांनी त्यांना पुन्हा नाचते केले. सांगणारा समोर दिसतो आहे, राक्षस रंगवलेला आहे, बाहुली लाकडाची आहे, यांतले काहीही लपवायचे नाही, आणि तरीही विश्वास बसतो, अशी ती रीत होती. मी ती पाहिलेली नाही, कोण पाहणार? पण माडीवर आजीसमोर मी जे करत होते, ते त्याच जातीचे होते, असे आता म्हणावेसे वाटते.

श्वांकमायर यांचा 1988 चा चेक चित्रपट मी पुण्यात शिकत असताना मैत्रिणीच्या खोलीवर, संगणकाच्या लहानशा पडद्यावर पाहिला, आणि त्या रात्री मला धड झोप लागली नाही. त्यात क्रिस्टिना कोहोउतोव्हा ही एकटी मुलगी खरी आहे. बाकी सगळे घरातल्या अडगळीतून उठून आलेले. ससा पेंढा भरलेला आहे, काचेच्या पेटीत खिळ्यांनी ठोकलेला. तो स्वतःचे पाय उपटून काढतो, पेटीची काच कात्रीने फोडतो आणि बाहेर येतो. त्याच्या पोटातून भुसा सांडत राहतो आणि तो वाटीतून चमच्याने भुसाच खातो. सुरवंट म्हणजे पायमोजा, त्याला काचेचे डोळे आणि दातांची कवळी. झोप आली की तो सुईदोऱ्याने आपले डोळे शिवून घेतो. बीळ नाहीच, मेजाचा खण आहे. ॲलिस लहान होते तेव्हा ती चक्क बाहुली होते. आणि सर्वांत मोठी गोष्ट अशी, की या चित्रपटात बोलते ती एकच मुलगी. प्रत्येकाचे वाक्य तीच म्हणते, आणि दर वेळी तिचे ओठ पडदाभर दिसतात: ‘पांढरा ससा म्हणाला’, ‘टोपीवाला म्हणाला’. इतर सर्व दिग्दर्शकांनी जो ‘म्हणाला’ पहिल्या झटक्यात कापून टाकला, तो यांनी ठेवला. सूत्रधार जागेवर उभा आहे. भुसा दिसतो, खिळा दिसतो, टाका दिसतो, आणि तरीही त्या सशाच्या कात्रीची धास्ती वाटते. माझ्या दृष्टीने ॲलिसचा हा सर्वांत प्रामाणिक चित्रपट आहे, आणि तो मी भाचीला अजून दाखवलेला नाही. तिच्या आईशी माझे संबंध चांगले आहेत. ते तसेच राहावेत अशी इच्छा आहे.

त्याऐवजी मी तिला हरिपूरला नेले. पेव दाखवायचे होते, पण 2005 च्या महापुराने त्यांतली बहुतेक गिळली. पाणी शिरले, माती बसली, जुनी पेवे जमिनीतल्या जमिनीत खचली. पूर्वी ज्या बाजूला बरीच पेवे होती असे मला आठवते, तिथे एक उथळ खळगा होता आणि त्यात एरंड माजला होता. भाचीने खळग्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि सभ्यपणे काही बोलली नाही. मग आम्ही संगमेश्वराच्या देवळावरून घाटावर उतरलो. वारणा जिथे कृष्णेला मिळते तिथे पाणी उन्हाळ्यातही संथ आणि रुंद असते. पलीकडे कोथळीच्या बाजूला जाऊन परत यायचे ठरवून आम्ही नावेत बसलो. नावाडी साठीच्या पुढचा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, आणि अगदी अबोल होता.

मी पुस्तक आणले नव्हते. तोंडानेच पुन्हा सुरुवातीपासून सांगू लागले. ॲलिस पेवात पडते, पण पेव इतके खोल असते, की पडता पडता तिला आजूबाजूला पाहायला भरपूर वेळ मिळतो. भिंतींना फडताळे असतात, नकाशे टांगलेले असतात. एका फळीवरून ती मोरावळ्याची बरणी उचलते. मूळ पुस्तकात तो संत्र्याचा मुरंबा आहे, पण मोरावळा आमच्या फडताळात असतो. बरणीवर चिठ्ठी असते, आत मात्र काहीच नसते. रिकामी बरणी खाली टाकावी, तर तळाशी कुणाच्या डोक्यात पडून तो मरायचा, म्हणून ती पडता पडताच पुढच्या एका फडताळात ती नीट ठेवून देते.

‘थांब, आत्या,’ भाची म्हणाली. ‘बरणी रिकामी कशी? मोरावळा आधी कुणी खाल्ला?’

याचे उत्तर कॅरल यांनी दिलेले नाही आणि कुठल्याही चित्रपटाने दिलेले नाही. श्वांकमायर यांनी तर बरणीत खिळे घातले आहेत. मी काहीतरी जुळवण्याच्या विचारात नदीकडे पाहत होते, तेवढ्यात इतका वेळ एक शब्दही न बोललेल्या नावाड्याने वल्हे पाण्यातून काढून आडवे ठेवले.

‘जो आधी पडला आसंल, त्येनं,’ तो म्हणाला.